मालावी हापूसच्या पेटीतून कोकणात काय काय येऊ शकतं?

आढीतला (३ डिसेंबर, सकाळी ९:१०)
नोव्हेंबर लागला की वाशीच्या फळबाजारात मालावीचा हापूस दिसायला लागतो. कलमं मूळ रत्नागिरीची, वाढली आफ्रिकेत, फळ विमानाने परत इकडे. त्याला हापूस म्हणायचं का, हा वाद इथे नको. प्रश्न वेगळा आहे.

आपला आंबा अमेरिकेला जायचा तर विकिरण, जपानला वाफ, युरोपला गरम पाणी. वर बागेची नोंदणी, पॅकहाऊस, फायटो (माल कीडमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र). मग बाहेरचा ताजा आंबा आपल्याकडे येतो तेव्हा आपण काय विचारायला हवं? त्या पेटीतून येणारा धोका नेमका मोजतात कसा? माझं मत आधीच सांगून टाकतो: जिथे आंबा पिकतो त्या देशाने ताजा आंबा आयातच करू नये. पटत नसेल तर खोडून काढा.

चीकदाग (९:२४)
"हा वाद इथे नको" असं पहिल्या पोस्टीत लिहिलेला वाद दहाव्या प्रतिसादापर्यंत येतोच. घड्याळ लावलंय.

कात्रीपान (१०:०२)
मोजमापाची सुरुवात यादीपासून होते. त्या देशात त्या पिकावर ज्या ज्या किडी आणि रोग नोंदलेले आहेत ते सगळे लिहून काढायचे. मग एकेक नाव खोडत जायचं. जे आपल्याकडे आधीच आहे आणि ज्याच्यावर सरकारी नियंत्रण मोहीम चालू नाही, ते बाद. जे फळावर येतच नाही, फक्त पानावर, खोडावर किंवा मुळावर असतं, तेही बाद, कारण पेटीत फळ येतंय, फांदी नाही. अर्थात पेटीत पानं, काड्या, माती नसेल तरच. "फळासोबत पान नको" हा नियम दिखाव्यासाठी नाही, तो या खोडाखोडीचा पाया आहे.

मालावीच्या आंब्यावर हे करून बघा. कोयीतला भुंगेरा तिथे आहे, आपल्याकडेही आहे: बाद. आंब्यावरची पांढरी खवले कीड, ऑलाकॅस्पिस ट्युबरक्युलॅरिस, दोन्हीकडे: बाद. काळे डाग पाडणारा जिवाणू झँथोमोनस, दोन्हीकडे: बाद. आपली पौर्वात्य फळमाशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस तिथेही आहे: बाद.

उरतात त्या सेराटायटिस गटातल्या आफ्रिकन फळमाश्या. सेराटायटिस कोसायरा, म्हणजे तिकडची आंब्याची माशी, आणि सेराटायटिस कॅपिटाटा, जिला जग मेडफ्लाय म्हणतं. दोन्ही भारतात नाहीत. भली मोठी यादी शेवटी दोन-तीन नावांवर येते आणि खरं काम तिथे सुरू होतं.

घोलवडकर (१०:१५)
फळमाशी तर आपल्याकडे आहेच की. हंगामाच्या शेवटचा आंबा डंखलेला निघतो, पेरूत अळ्या वळवळतात. त्यात अजून एक आली तर असं काय मोठं आकाश कोसळणार?

मिथिल_युजेनॉल (१०:५१)
@घोलवडकर, हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उलटा प्रवास बघा. आपल्या भागातली डॉर्सॅलिस २००३ मध्ये केनियात सापडली. तिकडे तिला नवी जात समजून २००५ मध्ये बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असं नाव दिलं. नंतर कळलं की ही तीच. सहाराच्या दक्षिणेला ती झपाट्याने पसरली आणि तिथल्या आंबा निर्यातीची वाट लावली. तिथेही स्थानिक फळमाश्या होत्याच! "आमच्याकडे आहेच की एक" हे तिकडच्या कामी आलं नाही.

आता आपली अडचण. कोकणात जो रक्षक सापळा टांगतात त्यात मिथिल युजेनॉल असतं. त्याच्या वासाला डॉर्सॅलिस, कोरेक्टा आणि झोनाटा या आपल्या तीन फळमाश्यांचे नर येतात. मेडफ्लाय त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तिला ट्रायमेडल्युअर लागतं. कोसायराला टर्पिनिल ॲसिटेट. काकडी-कारल्यावरच्या माशीला क्यूल्युअर लागतं, हे वेलभाजीवाल्यांना माहीत असेलच. म्हणजे उद्या वाशीच्या आसपास सेराटायटिस वसली तर कोकणातले यच्चयावत रक्षक सापळे तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाहीत. फळात अळी दिसेल आणि सगळे म्हणतील, "नेहमीचीच."

अळीवरून जात ओळखणं साध्या डोळ्यांना जमत नाही. अळ्या वाळूत सोडून, कोषातून माशी बाहेर काढून तिचे पंख बघावे लागतात. सेराटायटिसच्या पंखांवर पिवळट-तपकिरी पट्टे असतात. आपल्या बॅक्ट्रोसेराचे पंख जवळजवळ कोरे, फक्त पुढच्या कडेला काळपट रेघ.

चीकदाग (११:०३)
म्हणजे सापळा लावलाय तो आपल्याच चोरासाठी. परक्या चोराला रान मोकळं.

पेटीभाव (११:४०)
आयातच करू नका म्हणणाऱ्यांना एक विचारतो. हाच नियम ऑस्ट्रेलियाने लावला तर? त्यांच्याकडे क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरीत आंबा भरपूर पिकतो. तरी त्यांनी भारतीय आंब्याचा अभ्यास करून २००८ मध्ये अहवाल काढला, अटी घातल्या आणि दार उघडलं. अमेरिकेत फ्लोरिडात आंबा आहे, तरी एप्रिल २००७ पासून आपला जातो. "आमच्याकडे पिकतं म्हणून तुमचं नको" याला जागतिक व्यापार संघटनेत कारण मानत नाहीत. कीड दाखवा, तिचा धोका दाखवा, आणि तो कमी करायला लागेल तेवढीच अट घाला.

आढीतला (११:५५)
@पेटीभाव, मुद्दा मान्य. पण "धोका दाखवा" म्हणजे काय? आकडा असतो का?

कात्रीपान (१२:३०)
आकडा क्वचितच, बहुतेक ठिकाणी पायऱ्या असतात. ऑस्ट्रेलियाची पद्धत समजायला सोपी. कीड पेटीतून येण्याची शक्यता, आल्यावर यजमान झाडापर्यंत (ज्यावर ती जगते त्या) पोचण्याची, तिथे वसण्याची आणि पसरण्याची. प्रत्येकाला जास्त, मध्यम, कमी, अतिकमी अशा सहा पायऱ्यांपैकी एक द्यायची. मग जोडत जायचं, आणि जोडताना पायरी बहुधा खालीच उतरते: मध्यम आणि मध्यम मिळून कमी, कमी आणि कमी मिळून अतिकमी. शेवटी नुकसान किती होईल त्याच्याशी मेळ घालायचा. त्यांची मान्य पातळी "अतिकमी" आहे, शून्य नाही. शून्य हवं असेल तर विमानतळच बंद करावे लागतील.

नवशिका करणारा चुकतो तो "झाडापर्यंत पोचण्याची शक्यता" इथे. पेटी बाजारात आली, ग्राहकाने आंबा खाल्ला, संपलं, असं तो धरून चालतो. खाल्ला तो आंबा निरुपद्रवीच असतो. फेकलेला बघायचा.

झेला (१:१०)
वरचंच पुढे नेतो. अळी असलेला आंबा लवकर सडतो, म्हणजे नेमका तोच फेकला जातो. वाशीत सडका माल कुठे जातो? गाळ्यामागे ढीग, तिथून कचरागाडी, काही गुरांना. घराघरांतून ओला कचरा, सोसायटीचा खतखड्डा. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून उडी मारते, मातीत दोन-चार सेंटीमीटर खाली जाऊन कोष करते. डांबरावर मरेल, खतखड्ड्यात मजेत जगेल. नवी मुंबईत रस्त्याकडेला बदामाची झाडं किती आहेत ते मोजा. तोच आपला लाल-पिवळ्या फळांचा देशी बदाम. मेडफ्लायला तो आवडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात परसातले पेरूही धरलेले असतात, वर डहाणूपर्यंत चिकू. यजमान शोधायला तिला लांब जायला नको.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फळमाशी एका भोकात अंड्यांचा पुंजका घालते. एका डंखलेल्या फळातून निघालेली भावंडं एकाच जागी, एकाच आठवड्यात माश्या होतात, त्यात नर-मादी दोन्ही. म्हणजे एक फळही वंश सुरू करायला पुरतं. कोयीतल्या भुंगेऱ्याचं तसं नाही. एका कोयीत बहुधा एकच असतो. त्याला जोडीदार मिळायला दुसरी किडकी कोय जवळच पडावी लागते, तीही वेळेवर, आणि आंब्याचं झाड शेजारी. वर्षाला पिढी एकच, आंब्याशिवाय दुसरं काही चालत नाही. म्हणून "पेटीत एक कीड सापडली" हे वाक्य दोघांच्या बाबतीत सारखं वजनाचं नाही.

घोलवडकर (१:२२)
चिकूपर्यंत आलात, आता मी गंभीर झालो.

वाफारा (२:०५)
मग उपाय कीड बघून निवडायचा. इथे बराच घोळ होतो, कारण लोकांना वाटतं अमेरिकेचं कडक, युरोपचं सौम्य. तसं नाही, प्रत्येकाची भीती वेगळी आहे.

फळमाशीची अंडी-अळ्या सालीखाली नि गरात असतात, उष्णता तिथे पोचते. युरोपसाठी आपण ४८ अंश पाण्यात ६० मिनिटं बुडवतो. जपानसाठी वाफ: गराचं आतलं तापमान ४७.५ अंशांवर गेल्यावर तिथून पुढे २० मिनिटं. मोजणी आतल्या तापमानापासून सुरू होते, खोलीच्या नाही. जपानने ओकिनावासकट सगळ्या बेटांवरून डॉर्सॅलिस १९८६ पर्यंत उखडली, ती पुन्हा आत येऊ नये म्हणून हा हट्ट. हट्ट रास्त आहे.

पण कोयीतला भुंगेरा? मादी लहान फळावर अंडं घालते, कोय मऊ असतानाच अळी आत शिरते, गरातली वाट भरून येते, बाहेर खूण राहत नाही. पिकलेला आंबा बाहेरून देखणा, कोय फोडली की आत काळा भुंगा बसलेला. तिथपर्यंत मारक उष्णता न्यायची तर आंब्याचा आमरस व्हायचा. म्हणून ज्यांना या भुंगेऱ्याची भीती आहे ते विकिरण मागतात. अमेरिकेला किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). नुसत्या फळमाशीला १५० पुरतात. वरच्या टोकाला १००० ग्रेची मर्यादा, म्हणून पेट्यांची रचना अशी हवी की मधल्या पेटीला ४०० मिळताना कडेच्या पेटीला हजाराच्या वर जाऊ नये. पेटीची जाडी, आंब्याची भरणी बदलली की हे गणित पुन्हा करावं लागतं.

खवलेकीड (२:१९)
@वाफारा, युरोपला भुंगेऱ्याची अजिबात फिकीर नाही असं नाही हं. स्पेनमधल्या ग्रानादा-मालागा पट्ट्यात आणि पोर्तुगालच्या दक्षिणेत नि मदेरा बेटावर आंबा होतो, तेवढ्यापुरता त्यांचा संरक्षित विभाग आहे. बाकी युरोपात भुंगेरा येऊन खाणार काय?

वाफारा (२:२६)
बरोबर, ते राहिलं. उलट टोकाला दुबई. तिकडे ना वाफ, ना किरण, फायटो असला की झालं. पीच फळमाशी झोनाटा तिकडे आधीच आहे, त्यामुळे तिच्यासाठी पेटी अडवायला कारणच उरत नाही.

सुरंगी (२:४८)
गरम पाण्यात ६० मिनिटं बुडवल्यावर हापूसची सालपटं का काळवंडतात? काही लॉट छान निघतात, काही भाजल्यासारखे.

झेला (३:१५)
@सुरंगी, बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसतो, चिकाचा असतो. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो. थंड असताना दिसत नाही, गरम पाण्याने तोच डाग करपल्यासारखा वर येतो. देठ ठेवून काढायचा, झेल्याने (जाळीच्या काठीने) काढलात तरी, आणि पॅकहाऊसमध्ये देठ कापल्यावर फळ उलटं ठेवून चीक गळू द्यायचा.

दुसरं कारण मिश्र आकार. लॅटिन अमेरिकेतून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याचं वेळापत्रक बघा: ४६.१ अंश पाणी, पण ३७५ ग्रॅमपर्यंतच्या फळाला ६५ मिनिटं, ५०० पर्यंत ७५, ७०० पर्यंत ९०. मोठ्या फळाच्या गाभ्यापर्यंत उष्णता जायला वेळ लागतो. एकाच क्रेटमध्ये दोनशे आणि चारशे ग्रॅमचे आंबे टाकले तर धाकटा शिजतो आणि थोरल्यातली अळी जिवंत राहते. बाहेर काढल्यावर लगेच गार पाण्यात टाकायचं असेल तर त्या वेळापत्रकात दहा मिनिटं जादा धरतात, कारण बाहेर काढल्यावरही आत उष्णता सरकत असते आणि गार पाणी ती तोडतं.

साका, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होणं, हा याच्याशी संबंध नसलेला विषय. ती शारीरिक विकृती आहे, कीडही नाही, रोगही नाही. क्वारंटाइनच्या यादीत साक्याला जागा नाही, गिऱ्हाइकाच्या शिव्यांत आहे.

चीकदाग (३:२०)
धाकटा शिजतो, थोरला सुटतो. घरोघरी मातीच्या चुली.

रत्नांग्री_एक्सप्रेस (३:४४)
पण मुळात तो हापूसच नाही! २०१८ च्या जीआयप्रमाणे (भौगोलिक मानांकन) रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, एवढाच हापूस.

चीकदाग (३:४५)
आला! सतराव्या प्रतिसादात. दहाची पैज हरलो.

पेटीभाव (४:१०)
विकिरणाबद्दल एक विचारायचं होतं. समजा किरण दिलेल्या पेटीत तिकडच्या तपासनिसाला जिवंत अळी सापडली. माल गेला का?

मिथिल_युजेनॉल (४:३८)
नियमाने जायला नको. विकिरणाचा उद्देश जागेवर मारणं नसतो. अळी काही दिवस जगते, पण तिची धड माशी होत नाही किंवा झालीच तर वंश चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानकातच हे धरलेलं आहे. (४०० ग्रेमध्ये पतंगवर्गीय किडींचे कोष आणि पतंग येत नाहीत, ते वगळलेले आहेत.) वाफ दिलेल्या पेटीत मात्र जिवंत अळी म्हणजे प्रक्रिया फसली.

याचा परिणाम असा की किरण दिलेल्या मालात फळ कापून काहीच सिद्ध होत नाही. पुरावा एकच: डोसमापकाची नोंद आणि त्यावरचा कागद. म्हणून कागद चुकला की सगळंच गेलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या आंब्याच्या १५ शिपमेंट नाकारल्या, त्या अळी सापडली म्हणून नाही, विकिरणाच्या पीपीक्यू २०३ या फॉर्मवरून. फळं तिथेच नष्ट करावी लागली.

आढीतला (५:०५)
म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या पेटीचीही नुसती तपासणी पुरेशी नाही, असंच ना? ६०० फळं बघतात असं ऐकलंय, ते कुठून आलं?

कात्रीपान (५:५०)
साधं गणित आहे. मालात ०.५ टक्के फळं किडकी असतील तर ६०० फळांच्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. म्हणून म्हणतात, ९५ टक्के खात्री. बारा फळांच्या पेट्या असतील तर ५० पेट्या, त्याही सगळ्या लॉटभर विखरून उचललेल्या. दाराजवळच्या ५० नव्हेत.

आता त्याच गणिताची दुसरी बाजू. किडीचं प्रमाण ०.१ टक्के असेल तर ६०० बघूनही ते निसटण्याची शक्यता ५५ टक्के. आणि हे सगळं तपासनिसाला किडकं फळ हमखास ओळखू येतं असं धरून. ताज्या डंखाची खूण टाचणीच्या टोकाएवढी असते, त्याखालची अंडी मिलिमीटरभर लांबीची. त्याला दोनातलं एकच किडकं फळ ओळखता आलं तर ०.५ टक्क्यालाही निसटण्याची शक्यता २२ टक्क्यांवर जाते. पन्नास पेट्या उघडून, फळ न कापता, "कीड आढळली नाही" असा शेरा मारणं म्हणजे देवाला नारळ. नमुन्यातली थोडी फळं कापायलाच हवीत, देठाच्या बाजूचं मऊ, रंग बदललेलं फळ आधी.

तपासणी ही प्रक्रियेची उलटतपासणी आहे, तिची जागा घेऊ शकत नाही. प्रक्रियेची कसोटी किती कडक ते बघा: १० लाखांत जास्तीत जास्त ३२ जगाव्यात. हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला ९३,६१३ किडींवर प्रयोग करून एकही जगता कामा नये.

टेक्सासची_ताई (रात्री ८:१२)
थोडं अवांतर. परतताना बॅगेत दोन आंबे आणि कढीपत्ता घालणाऱ्यांनाही हेच लागू का? पेटीला एवढे सोपस्कार, बॅगेला काय?

खवलेकीड (८:४०)
@टेक्सासची_ताई, बॅग पेटीपेक्षा वाईट. तिला ना बाग माहीत, ना प्रक्रिया, ना फायटो. भारतातला आंबा प्रवाशाच्या सामानातून अमेरिकेत चालत नाही, पेटीतून चालतो, आणि यात विसंगती काही नाही. कढीपत्ता तर आंब्याहून नाजूक विषय: लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग रोग देणारी सिट्रस सिल्ला कढीपत्त्यावर वाढते. न्यूझीलंडला विमानतळावर न सांगितलेल्या फळाला ४०० डॉलर जागेवर. ते माथेफिरू नाहीत. २०१५ मध्ये ऑकलंडच्या ग्रे लिनमध्ये क्वीन्सलंड फळमाशी सापळ्यात सापडली, तेव्हा वस्तीतून फळं बाहेर न्यायला बंदी, कचऱ्याला वेगळे डबे, आणि वर्ष संपेपर्यंत मोहीम. सापळ्यात मिळालेल्या माश्या हाताच्या बोटांवर... बरं, दोन हातांच्या नि पायाच्या थोड्या.

घोलवडकर (८:५५)
आपल्याकडे बाहेरून येऊन नुकसान केल्याचं उदाहरण आहे का फळपिकात?

मिथिल_युजेनॉल (९:२०)
पपईवरचा पिठ्या ढेकूण. मूळ मेक्सिकोकडचा, २००८ मध्ये कोइमतूरला नोंदला, बघता बघता महाराष्ट्रातल्या पपईवर आणि तुतीवरही. फवारे मारून लोक थकले, कारण मेणाखाली औषध पोचत नाही आणि मित्रकीटक मात्र मरतात. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपई हा परोपजीवी आणून सोडला, तेव्हा आवरला. त्यात आपलं नशीब होतं, नेमका परोपजीवी आधीच माहीत होता. फळमाशीच्या बाबतीत असा एकहाती तारणहार नाही.

आढीतला (९:४८)
बरं, माझं "आयातच नको" मागे घेतो. मग मालावीच्या पेटीला नेमकी काय अट असावी?

वाफारा (१०:३०)
कायद्याची चौकट आहे: २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश. फळ आणि देश अशी जोडी सहाव्या परिशिष्टात असते, समोर अटी. नोंद नसेल तर धोका-विश्लेषण झाल्याशिवाय परवानाच नाही. कोणाला खरंच पडलं असेल त्याने परिशिष्टातली ती ओळ उघडून तिच्यात सेराटायटिसची नावं आहेत का ते वाचावं. "कीडमुक्त असावे" एवढंच असेल तर ती अट नव्हे, सदिच्छा.

मला विचाराल तर किरण, १५० ग्रे. तो आकडा सगळ्या फळमाश्यांना मान्य आहे, कोसायरासाठी वेगळा प्रयोग नको. वाफेचे आकडे त्या माशीवर आणि त्या वाणावर सिद्ध केलेले हवेत. थंडीचा उपाय आंब्याला बाद: मेडफ्लाय मारायला १.१ अंशाला १४ दिवस लागतात. द्राक्ष-संत्र्याला ठीक, आंबा १२-१३ अंशांच्या खालीच बिघडायला लागतो. शिवाय हा माल विमानाने येतो, अळी वाटेत मरायला वेळही नाही. आणि पेटीच्या भोकांना १.६ मिलिमीटरहून बारीक जाळी, म्हणजे प्रक्रियेनंतर माशी पुन्हा बसायला नको. हीच जाळी अमेरिका आपल्याकडून मागते.

झेला (१०:४४)
आणि वाशीच्या आवारात, विमानतळाच्या मालगोदामाजवळ, शेजारच्या बदामांवर ट्रायमेडल्युअरचे सापळे. सोबत प्रथिनांच्या आमिषाचे काही, कारण ट्रायमेडल्युअरला नरच येतात नि कोसायरा येत नाही. प्रथिनाला सगळ्या जातींच्या माद्याही येतात, पण जवळच्याच, म्हणून सापळे दाट लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर आठवड्याला मोजणी. सडक्या मालाचा ढीग रोज उचलून खोल पुरणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि सगळ्यात कमी होणारंही.

घोलवडकर (१०:५२)
ते ट्रायमेडल्युअर आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळतं का?

चीकदाग (१०:५५)
विचारून बघा. दुकानदार मिथिल युजेनॉलची वडी पुढे करून म्हणेल, "तेच आहे, कंपनी वेगळी."